निक फोल्सचा २०१७चा हंगाम

निक फोल्स हा अमेरिकन फुटबॉल खेळणारा निवृत्त क्वार्टरबॅक आहे. नॅशनल फुटबॉल लीग अर्थात एनएफएलच्या २०१७च्या हंगामात तो फिलाडेल्फिया ईगल्स या संघाचा राखीव क्वार्टरबॅक होता. १० डिसेंबर २०१७ रोजी संघाचा पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झ याच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाल्यावर उर्वरित हंगामाची सूत्रे फोल्सकडे आली. साखळीतील त्याचा खेळ सामान्य, किंबहुना शेवटच्या दोन सामन्यांत निराशाजनकच होता. मात्र बाद फेरीतील तिन्ही सामने त्याने जिंकून दिले आणि ४ फेब्रुवारी २०१८ रोजी मिनियापोलिस येथे झालेल्या ५२व्या सुपर बोलमध्ये ईगल्सने न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा ४१-३३ असा पराभव केला. हे ईगल्सचे पहिलेच सुपर बोल विजेतेपद होते. त्याआधी हा संघ १९६० साली, म्हणजे सुपर बोल ही स्पर्धा सुरू होण्यापूर्वी, अजिंक्य ठरला होता. फोल्सची सुपर बोलचा सामनावीर म्हणून निवड झाली.

राखीव क्वार्टरबॅकचे स्थान

अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमणाची जवळजवळ प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होते. चेंडू हाती येताच तो सहकाऱ्याकडे पास फेकायचा, धावणाऱ्याच्या हाती द्यायचा की स्वतः घेऊन पळायचे, हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावे लागते. मैदानावर क्वार्टरबॅक एकच असतो. इतर जागांवरचे राखीव खेळाडू सामन्यात आलटूनपालटून उतरतात. राखीव क्वार्टरबॅक मात्र पहिला जायबंदी झाल्याशिवाय, त्याचा खेळ फारच ढासळल्याशिवाय किंवा सामन्याचा निकाल आधीच लागल्याशिवाय मैदानात येत नाही. क्रिकेट संघासोबत दौऱ्यावर जाणाऱ्या दुसऱ्या यष्टिरक्षकाशी त्याची तुलना करता येईल. फरक इतकाच की यष्टिरक्षक बदलला तरी फलंदाजीचा क्रम आणि डावपेच बहुधा तेच राहतात, तर क्वार्टरबॅक बदलला की संपूर्ण आक्रमणाची घडीच बदलू शकते.

आठवड्याच्या सरावातही त्याच्या वाट्याला फारसे काही येत नाही. स्वतःच्या संघाच्या चालींचा बहुतेक सराव पहिला क्वार्टरबॅक करतो. राखीव खेळाडू पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या क्वार्टरबॅकची नक्कल करून आपल्याच बचावफळीला सराव देतो. त्यामुळे ऐन हंगामात अचानक उतरावे लागले, तर ज्या सहकाऱ्यांना पास द्यायचे त्यांच्याशी त्याचा ताळमेळ जमलेला नसतो. फोल्सच्या डिसेंबरमधील खेळाचे मूल्यमापन करताना ही बाब लक्षात घ्यावी लागते.

पूर्वपीठिका

फोल्सचा जन्म २० जानेवारी १९८९ रोजी टेक्सास राज्यातील ऑस्टिन येथे झाला. अ‍ॅरिझोना विद्यापीठाकडून खेळल्यानंतर २०१२च्या खेळाडू निवडीत ईगल्सने त्याला तिसऱ्या फेरीत, एकूण ८८व्या क्रमांकावर घेतले. त्या वेळी अँडी रीड हे संघाचे मुख्य प्रशिक्षक होते.

२०१३ साली नवे प्रशिक्षक चिप केली यांच्या हाताखाली मायकेल विक जायबंदी झाल्यावर फोल्सला संधी मिळाली. त्या हंगामात त्याने २७ टचडाउन पास दिले आणि त्याचे केवळ २ पास प्रतिस्पर्ध्यांनी झेलले. ३ नोव्हेंबर २०१३ रोजी ओकलंड रेडर्सविरुद्ध त्याने एकाच सामन्यात ७ टचडाउन पास देऊन एनएफएलच्या विक्रमाशी बरोबरी केली. त्याचे हंगामाचे पासर रेटिंग ११९.२ होते. केली यांच्या आक्रमणात चाली झपाट्याने एकामागून एक होत आणि पास द्यायचा की चेंडू धावणाऱ्याला द्यायचा याचा निर्णय चाल सुरू झाल्यावर, समोरच्या एका बचावपटूची हालचाल पाहून घेतला जाई. हा तपशील चार वर्षांनी महत्त्वाचा ठरला.

पुढची वर्षे उताराची होती. २०१४ साली गळपट्टीचे हाड मोडल्याने त्याचा हंगाम निम्म्यावर संपला. मार्च २०१५ मध्ये ईगल्सने सॅम ब्रॅडफर्डच्या बदल्यात त्याला सेंट लुइस रॅम्सकडे पाठवले. तेथे त्याचा खेळ घसरला आणि त्याच्या जागी केस कीनमला खेळवण्यात आले. २०१६च्या निवडीत लॉस एंजेलसला स्थलांतरित झालेल्या रॅम्सने पहिल्याच क्रमांकावर जॅरेड गॉफ या क्वार्टरबॅकला घेतले, तेव्हा फोल्सने करारातून मुक्तता मागितली. त्या उन्हाळ्यात वयाच्या २७व्या वर्षी खेळ सोडून देण्याचा त्याने गंभीरपणे विचार केला होता, असे त्याने पुढे अनेकदा सांगितले. अखेर तो रीड यांच्याकडेच, कॅन्सस सिटी चीफ्समध्ये राखीव खेळाडू म्हणून गेला. २०१६च्या हंगामात त्याने एकाच सामन्याची सुरुवात केली.

मार्च २०१७ मध्ये तो ईगल्समध्ये परतला. संघात आता सर्व काही बदलले होते. २०१६च्या निवडीत दुसऱ्या क्रमांकावर घेतलेला वेंट्झ हा संघाचा भविष्यकाळ मानला जात होता आणि फोल्सचे काम त्याच्यामागे उभे राहण्याचे होते. प्रशिक्षक वर्ग मात्र राखीव क्वार्टरबॅकच्या मनःस्थितीशी चांगलाच परिचित होता. मुख्य प्रशिक्षक डग पेडरसन यांनी आपल्या कारकिर्दीचा बराच काळ ग्रीन बे पॅकर्समध्ये ब्रेट फाव्हरच्या मागे घालवला होता. आक्रमण समन्वयक फ्रँक राइक हे बफेलो बिल्समध्ये जिम केलीचे राखीव होते आणि ३ जानेवारी १९९३ रोजी केली जायबंदी असताना ह्यूस्टन ऑयलर्सविरुद्ध ३२ गुणांची पिछाडी भरून काढून त्यांनी संघाला जिंकून दिले होते.

साखळीचे पहिले तीन महिने

ऑगस्टमध्ये कोपराच्या दुखण्यामुळे फोल्स हंगामपूर्व सामन्यांत खेळू शकला नाही. सप्टेंबरपासून वेंट्झचा खेळ असा बहरला की राखीव क्वार्टरबॅकची आठवण होण्याचे कारणच उरले नाही. १३ सामन्यांत ३३ टचडाउन पास देऊन वेंट्झने ईगल्सचा एका हंगामाचा विक्रम मोडला आणि वर्षातील सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कारासाठी त्याचे नाव आघाडीवर होते. या काळात फोल्स एकतर्फी झालेल्या सामन्यांच्या शेवटीच काय तो मैदानात आला.

याच दरम्यान संघाला इतर दुखापतींनीही ग्रासले होते. डावीकडील अनुभवी टॅकल जेसन पीटर्स, धावपटू डॅरेन स्प्रोल्स, लाइनबॅकर जॉर्डन हिक्स आणि किकर केलेब स्टर्जिस हे सर्व जायबंदी झाले. स्टर्जिसच्या जागी सिनसिनाटी बेंगाल्सच्या सराव संघातून आणलेला नवखा जेक एलियट पुढे सुपर बोलमध्येही खेळला. थोडक्यात, डिसेंबरपर्यंत बदली खेळाडूंवर विसंबण्याची ईगल्सला सवय झाली होती. क्वार्टरबॅकची जागा तेवढी शिल्लक होती.

लॉस एंजेलस, १० डिसेंबर

रॅम्सविरुद्धचा सामना लॉस एंजेलस मेमोरियल कोलिझियम येथे झाला. तिसऱ्या सत्रात वेंट्झने चेंडू घेऊन गोलक्षेत्रात झेप घेतली आणि दोन बचावपटूंच्या मध्ये सापडला. सहकाऱ्याच्या चुकीमुळे तो टचडाउन रद्द झाला, परंतु त्या झेपेत वेंट्झच्या डाव्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला होता. तशाच अवस्थेत तो आणखी चार चाली खेळला आणि चौथ्या प्रयत्नात अल्शॉन जेफ्रीला टचडाउन पास देऊनच बाहेर गेला.

अखेरच्या सत्रात फोल्स उतरला. त्याने १० पैकी ६ पास पूर्ण केले व ४२ यार्ड मिळवले. आकडे किरकोळ असले तरी त्याच्या चढायांतून एलियटचे दोन फील्ड गोल झाले आणि शेवटच्या मिनिटांत तिसऱ्या प्रयत्नात ८ यार्ड हवे असताना नेल्सन अ‍ॅगोलरला दिलेल्या ९ यार्डांच्या पासमुळे चेंडू ईगल्सकडेच राहिला. सामना ईगल्सने ४३-३५ असा जिंकला आणि विभागाचे विजेतेपद निश्चित झाले. दुसऱ्या दिवशी वेंट्झचा हंगाम संपल्याचे जाहीर झाले. ११ विजय व २ पराभव अशा स्थितीतील संघाबद्दल त्या आठवड्यात फिलाडेल्फियात जी निराशा पसरली, तिचे कारण या एकाच बातमीत होते.

साखळीतील तीन सामने

१७ डिसेंबरला न्यू यॉर्क जायंट्सविरुद्ध फोल्सने ३८ पैकी २४ पास पूर्ण करत २३७ यार्ड व ४ टचडाउन मिळवले. ईगल्स ३४-२९ असे जिंकले. वरवर पाहता ही सुरुवात उत्तम होती. पण जायंट्स त्या वर्षी आधीच्या १३ सामन्यांपैकी केवळ २ जिंकलेला संघ होता आणि ईगल्सच्या विजयात त्यांच्या विशेष पथकाने अडवलेल्या तीन किक्सचा वाटा मोठा होता.

नाताळच्या रात्री घरच्या मैदानावर रेडर्सविरुद्ध झालेल्या सामन्यात उणिवा उघड झाल्या. ३८ पैकी १९ पास, १६३ यार्ड, एक टचडाउन आणि एक झेलला गेलेला पास अशी त्याची कामगिरी होती. चार वर्षांपूर्वी याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध त्याने ७ टचडाउन दिले होते. शेवटच्या क्षणांपर्यंत १०-१० अशी बरोबरी होती. बचावपटू रॉनल्ड डार्बीने पास हिरावल्यानंतर एलियटने २२ सेकंद शिल्लक असताना ४८ यार्डांचा फील्ड गोल केला आणि शेवटच्या चालीवर डेरेक बार्नेटने निसटलेला चेंडू उचलून टचडाउन केला. १९-१० असा हा विजय बचावफळीचा होता. तरीही त्यामुळे ईगल्सला आपल्या परिषदेत अव्वल मानांकन आणि बाद फेरीचे सामने घरच्या मैदानावर खेळण्याचा हक्क मिळाला.

३१ डिसेंबरला डॅलस काउबॉईजविरुद्धच्या सामन्याला गुणतक्त्याच्या दृष्टीने काही अर्थ उरला नव्हता. फोल्सला लय सापडावी म्हणून पेडरसन यांनी त्याला सुरुवातीला खेळवले. ११ पैकी ४ पास, ३९ यार्ड व एक झेलला गेलेला पास अशी नोंद करून तो बाहेर आला आणि उरलेला सामना तिसरा क्वार्टरबॅक नेट सडफेल्डने खेळला. ईगल्स ०-६ असे हरले. बाद फेरीत फोल्सऐवजी अननुभवी सडफेल्डला खेळवावे काय, अशी चर्चा त्यानंतर शहरात उघडपणे सुरू झाली, यावरून त्याच्यावरील विश्वास किती ओसरला होता हे दिसते.

संपूर्ण साखळीत मिळून फोल्सने १०१ पैकी ५७ पास पूर्ण केले. ५३७ यार्ड, ५ टचडाउन, २ झेलले गेलेले पास आणि ७९.५ पासर रेटिंग. हे आकडे एखाद्या सर्वसाधारण राखीव क्वार्टरबॅकचेच आहेत.

आक्रमणाची फेरमांडणी

अव्वल मानांकनामुळे ईगल्सला पहिल्या फेरीत विश्रांती होती. शेवटचा साखळी सामना आणि बाद फेरीतील पहिला सामना यांच्यात १३ दिवसांचे अंतर पडले. या हंगामाचा निर्णायक भाग बहुधा याच काळात, प्रेक्षकांविना पार पडला.

तोपर्यंत फोल्सकडून वेंट्झसाठी रचलेले आक्रमण खेळवले जात होते. वेंट्झ अंगाने दणकट आणि चपळ होता. संरक्षण कोसळले तरी बचावपटूंना हुलकावणी देऊन चाल लांबवायची आणि धावता धावता दूरचा पास फेकायचा ही त्याची खासियत होती. ६ फूट ६ इंच उंचीचा फोल्स पायांनी मंद होता. त्याचे बळ वेगळ्या गोष्टींत होते. चेंडू हातात येताच झटपट निर्णय घेणे, ठरलेल्या वेळी पास सोडणे आणि सहकारी दोन बचावपटूंच्या मध्ये असला तरी उंचावरून चेंडू त्याच्यापर्यंत पोहोचवण्याचे धाडस करणे यांत तो वाकबगार होता. पेडरसन, राइक आणि क्वार्टरबॅकचे प्रशिक्षक जॉन डिफिलिपो यांनी विश्रांतीच्या काळात फोल्सच्या जुन्या, विशेषतः २०१३च्या चित्रफिती पुन्हा अभ्यासल्या. धाव की पास हा निर्णय चाल सुरू झाल्यावर घेण्याच्या पद्धतीचा, म्हणजेच आरपीओ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चालींचा, वापर ईगल्स आधीपासून करत होते. आता आक्रमणाचा मोठा भाग त्यांवर उभारला गेला. सामन्याचा वेगही वाढवण्यात आला.

या चालींचा फायदा असा की बचावपटूने धावणाऱ्याकडे पाऊल टाकले की त्याच्या पाठीमागे रिकाम्या झालेल्या जागेत छोटा पास जातो आणि तो मागे राहिला तर धावणाऱ्याला वाट मिळते. क्वार्टरबॅकला संपूर्ण मैदान वाचावे लागत नाही, एकाच माणसाकडे पाहायचे असते. कमी सराव मिळालेल्या खेळाडूसाठी हे मोठेच साहाय्य होते. अर्थात चेंडू नेमका फेकण्याचे काम शेवटी त्यालाच करायचे होते.

अटलांटा फाल्कन्सविरुद्ध

१३ जानेवारी २०१८ रोजी लिंकन फायनान्शियल फील्डवर सहाव्या मानांकित फाल्कन्सशी गाठ पडली. या फेरीत सहाव्या मानांकिताविरुद्ध घरच्या मैदानावर खेळणारा अव्वल मानांकित संघ सट्टेबाजांच्या लेखी कमकुवत ठरण्याची ही पहिलीच वेळ होती. सामना जिंकल्यावर लेन जॉन्सन व ख्रिस लाँग यांनी कुत्र्याचे मुखवटे घालून या अवहेलनेला उत्तर दिले आणि पुढच्या सामन्यांत प्रेक्षकागारात तसे मुखवटे सर्रास दिसू लागले. कमकुवत प्रतिस्पर्ध्याला इंग्रजीत ‘अंडरडॉग’ म्हणतात, त्यावरचा हा विनोद होता.

फोल्सने ३० पैकी २३ पास पूर्ण करून २४६ यार्ड मिळवले. टचडाउन पास एकही नव्हता, झेलला गेलेला पासही नव्हता. नशिबाची साथही होती: मध्यंतरापूर्वी त्याचा एक चुकीचा पास बचावपटू कियानू नीलच्या गुडघ्यावर आदळून उडाला आणि टॉरी स्मिथच्या हातात पडला. त्यानंतर एलियटने ५३ यार्डांचा फील्ड गोल केल्याने मध्यंतराला पिछाडी १०-९ अशी एका गुणावर आली. तो पास नीलने झेलला असता तर या लेखाचा विषय कदाचित उरलाच नसता. उत्तरार्धात फोल्सच्या लांबलचक चढायांतून आणखी दोन फील्ड गोल झाले. शेवटी फाल्कन्स गोलरेषेपासून २ यार्डांवर पोहोचले होते, पण चौथ्या प्रयत्नात ज्युलिओ जोन्सला चेंडू झेलता आला नाही आणि ईगल्स १५-१० असे जिंकले.

मिनेसोटा व्हायकिंग्जविरुद्ध

परिषदेचा अंतिम सामना २१ जानेवारीला झाला. गुण आणि यार्ड या दोन्ही निकषांवर व्हायकिंग्जची बचावफळी त्या वर्षी एनएफएलमध्ये अव्वल होती. सुपर बोल त्यांच्याच मैदानावर होणार असल्याने घरच्या मैदानावर सुपर बोल खेळणारा पहिला संघ होण्याची त्यांना संधी होती. योगायोग असा की त्यांचा क्वार्टरबॅक केस कीनम हाही त्या हंगामात ब्रॅडफर्ड जायबंदी झाल्यामुळे खेळत होता. रॅम्समध्ये फोल्सची जागा घेणारा तो हाच कीनम आणि ज्याच्या बदल्यात ईगल्सने फोल्सला दिले होते तो हाच ब्रॅडफर्ड.

व्हायकिंग्जने पहिल्याच चढाईत टचडाउन केला. त्यानंतर ब्रँडन ग्रॅहम, ख्रिस लाँग आदींच्या दबावाखाली कीनमने फेकलेला एक पास पॅट्रिक रॉबिन्सनने झेलला आणि ५० यार्ड धावत जाऊन बरोबरी साधून दिली. पुढचा सामना एकतर्फी झाला. फोल्सने ३३ पैकी २६ पास पूर्ण केले, ३५२ यार्ड व ३ टचडाउन मिळवले. त्याचे रेटिंग १४१.४ होते. यांतील दोन पास विशेष उल्लेखनीय आहेत. पहिल्यात संरक्षक कडे मोडू लागले असतानाही पुढे सरकून त्याने जेफ्रीला ५३ यार्डांचा टचडाउन दिला. दुसऱ्यात चेंडू धावपटूला देऊन पुन्हा परत घेण्याच्या फसव्या चालीवर टॉरी स्मिथला ४१ यार्डांचा टचडाउन दिला. ईगल्स ३८-७ असे जिंकले. डिसेंबरमध्ये जवळचे पासही चुकवणारा खेळाडू देशातील सर्वोत्तम बचावाविरुद्ध दूरचे पास अचूक फेकत होता, आणि फेरमांडणी केवळ छोट्या पासांसाठी नव्हती, हे या सामन्याने स्पष्ट झाले.

५२वा सुपर बोल

४ फेब्रुवारी २०१८ रोजी यू. एस. बँक स्टेडियमवर ईगल्ससमोर गतविजेते पेट्रियट्स होते. त्यांचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी याचा स्वतःचा उदय २००१ साली ड्रू ब्लेडसो जायबंदी झाल्याने राखीव खेळाडू म्हणूनच झाला होता. ब्रेडीने या सामन्यात ५०५ यार्डांचे पास देऊन सुपर बोलचा विक्रम केला आणि तरीही तो हरला. दोन्ही संघांनी मिळून काढलेले १,१५१ यार्ड हा एनएफएलच्या कोणत्याही सामन्यातील उच्चांक ठरला.

फोल्सने ४३ पैकी २८ पास पूर्ण केले. ३७३ यार्ड, जेफ्री, कोरी क्लेमेंट व झॅक अर्ट्झ यांना प्रत्येकी एक टचडाउन आणि एक झेलला गेलेला पास. तो पासही जेफ्रीच्या हाताला लागून उडाल्यावर ड्युरॉन हार्मनने झेलला होता.

सामन्यातील सर्वाधिक गाजलेली चाल दुसऱ्या सत्राच्या शेवटी आली. ईगल्स १५-१२ असे पुढे होते. गोलरेषा यार्डभर दूर, चौथा प्रयत्न आणि मध्यंतराला ३८ सेकंद बाकी होते. फील्ड गोलचे तीन गुण जवळजवळ हक्काचे होते. पेडरसन यांनी ते नाकारले आणि वेळ मागून घेतली. मैदानाच्या कडेला आलेल्या फोल्सने ‘फिली स्पेशल’ या फसव्या चालीचे नाव सुचवले आणि पेडरसन यांनी क्षणभर विचार करून होकार दिला. फोल्स सहकाऱ्यांना सूचना द्यायला निघाल्याचा आव आणत उजवीकडे सरकला. चेंडू थेट क्लेमेंटकडे गेला, त्याने तो धावत येणाऱ्या ट्रे बर्टनला दिला आणि पूर्वी क्वार्टरबॅक म्हणून खेळलेल्या बर्टनने गोलक्षेत्रात एकट्या उभ्या असलेल्या फोल्सकडे फेकला. सुपर बोलमध्ये टचडाउन पास देणारा आणि स्वतः टचडाउन पास झेलणारा फोल्स हा पहिला खेळाडू ठरला. त्याच सत्रात काही वेळापूर्वी पेट्रियट्सनीही ब्रेडीला पास देण्याची अशीच चाल रचली होती, मात्र चेंडू ब्रेडीच्या बोटांना लागून निसटला होता.

या चालीच्या प्रसिद्धीमुळे चौथ्या सत्रातील चढाई काहीशी झाकोळली गेली आहे. क्वार्टरबॅकच्या कामगिरीचा विचार करता तीच अधिक मोलाची आहे. ९ मिनिटे २२ सेकंद बाकी असताना रॉब ग्रोन्कोव्स्कीच्या टचडाउनने पेट्रियट्स सामन्यात प्रथमच, ३३-३२ असे पुढे गेले. तेथून फोल्सने १४ चालींत ७५ यार्ड अंतर कापले. आपल्याच अर्ध्या मैदानात, ४५ यार्डांच्या रेषेवर, चौथ्या प्रयत्नात एक यार्ड हवा असताना त्याने अर्ट्झला पास देऊन चढाई जिवंत ठेवली. तो पास चुकला असता तर चेंडू मैदानाच्या मध्यावर ब्रेडीच्या हाती गेला असता. शेवटी २ मिनिटे २१ सेकंद बाकी असताना अर्ट्झनेच ११ यार्डांचा टचडाउन झेलला आणि ३८-३३ अशी आघाडी झाली. पुढच्या चढाईत ग्रॅहमने ब्रेडीच्या हातातून चेंडू उडवला, तो बार्नेटने ताब्यात घेतला आणि एलियटच्या ४६ यार्डांच्या फील्ड गोलने ४१-३३ ही अंतिम गुणसंख्या झाली.

बाद फेरीतील तीन सामने मिळून फोल्सने १०६ पैकी ७७ पास पूर्ण केले, ९७१ यार्ड व ६ टचडाउन मिळवले आणि त्याचा केवळ एक पास प्रतिस्पर्ध्याने झेलला. त्याचे रेटिंग ११५.७ होते.

पूर्वीची उदाहरणे

राखीव क्वार्टरबॅकने सुपर बोल जिंकण्याची घटना यापूर्वीही घडली होती. १९८७च्या हंगामात वॉशिंग्टनचा डग विल्यम्स, १९९९ साली ट्रेंट ग्रीन जायबंदी झाल्यावर सेंट लुइस रॅम्सचा कर्ट वॉर्नर आणि २००१ साली ब्रेडी ही त्यांतील ठळक नावे. पण वॉर्नर आणि ब्रेडी यांना जवळजवळ संपूर्ण हंगाम मिळाला होता. फोल्सशी सर्वांत जवळचे उदाहरण न्यू यॉर्क जायंट्सच्या जेफ हॉस्टेटलरचे आहे. डिसेंबर १९९० मध्ये फिल सिम्स जायबंदी झाल्यावर तो उतरला आणि जानेवारी १९९१ मध्ये बफेलो बिल्सविरुद्ध २५वा सुपर बोल जिंकला. त्या सामन्यात पराभूत बिल्सच्या बाजूला राखीव क्वार्टरबॅक म्हणून फ्रँक राइक होते. फोल्सच्या बाबतीत वेगळी गोष्ट म्हणजे हॉस्टेटलरला मुख्यतः धावण्यावर आणि बचावावर भर देणाऱ्या संघाला सावरायचे होते; फोल्सला मात्र ब्रेडीच्या ५०५ यार्डांना पासांनीच उत्तर द्यावे लागले.

नंतरचा काळ

८ फेब्रुवारी २०१८ रोजी फिलाडेल्फियात विजयी मिरवणूक निघाली. सप्टेंबरमध्ये ‘फिली स्पेशल’पूर्वी पेडरसन व फोल्स यांच्यात झालेल्या संवादाचा पुतळा ईगल्सच्या मैदानाबाहेर उभारण्यात आला. सुपर बोलचा सामनावीर असूनही वेंट्झ बरा होताच तिसऱ्या आठवड्यात फोल्स पुन्हा राखीव झाला. डिसेंबरमध्ये वेंट्झच्या पाठीची दुखापत बळावल्यावर त्याने साखळीतील शेवटचे तिन्ही सामने जिंकून दिले, ह्यूस्टन टेक्सन्सविरुद्ध ४७१ यार्डांचा संघाचा विक्रम केला आणि बाद फेरीत शिकागो बेअर्सचा १६-१५ असा पराभव केला. पुढच्या फेरीत न्यू ऑर्लिन्स सेंट्सविरुद्ध ईगल्स १४-२० असे हरले. अखेरच्या चढाईत फोल्सचा पास जेफ्रीच्या हातांतून निसटून प्रतिस्पर्ध्याकडे गेला होता.

२०१९ साली त्याने जॅक्सनव्हिल जॅग्वार्सशी चार वर्षांचा, ८८ दशलक्ष डॉलरचा करार केला. तेथे तो निर्विवाद पहिला क्वार्टरबॅक म्हणून हंगामाला सामोरा गेला, परंतु पहिल्याच सामन्यात त्याच्या गळपट्टीचे हाड पुन्हा मोडले आणि गार्डनर मिन्शू या नवख्या राखीव क्वार्टरबॅकने त्याची जागा घेतली. त्यानंतर तो शिकागो बेअर्स व इंडियानापोलिस कोल्ट्स या संघांकडून अधूनमधून खेळला. २०२४ साली त्याने ईगल्सचा खेळाडू म्हणून निवृत्ती जाहीर केली.